देणगीआधी देणे

काही महिन्यांपूर्वी कोल्हापुरात उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीवर एक परिसंवाद झाला. व्यासपीठावर दोन पक्ष होते. एकाचे म्हणणे असे की, कोल्हापूरच्या पाण्यावर आणि माणसांवर कमावणाऱ्या कंपन्या सामाजिक कामांवर कायद्याने खर्चायचे आपल्या नफ्यातले दोन टक्के मुंबई-पुण्याकडे वळवतात. ते इथेच, रंकाळा तलावासाठी, शाळांसाठी आणि खेळाडूंसाठी खर्च झाले पाहिजेत. दुसऱ्याचे म्हणणे असे की, उद्योजक रोजगार देतो आणि कर भरतो; त्यापलीकडे त्याच्यापुढे हात पसरणे म्हणजे कारखान्याला धर्मशाळा समजणे होय. दोन तास घमासान झाले. शेवटी मागच्या रांगेतल्या एका शेडवाल्याने, म्हणजे मोठ्या कंपन्यांची कामे करून देणाऱ्या लहान कारखानदाराने, उभे राहून विचारले, ‘‘सायेब, त्या दोन टक्क्यांचं ऱ्हाऊ दे. आमची बिलं किती दिसांत द्याची, त्येचा काय नियम हाय का न्हाई?’’ सभागृहात हशा पिकला, सूत्रसंचालकांनी ‘हा विषय वेगळा आहे’ असे सांगून पुढचा प्रश्न घेतला आणि थोड्या वेळाने चहा आला. माझ्या मते त्या सायंकाळी विषयाला धरून बोललेला तो एकटाच माणूस होता.

मी वीसएक वर्षे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतल्या लहान शेडवाल्यांचे हिशेब लिहिले आहेत. हिशेबनिसाला एक सवय आपोआप लागते. खर्चाच्या बाजूला ‘देणगी’ असा शब्द दिसला की त्याची नजर आधी देण्यांच्या यादीकडे जाते. ज्याची देणी थकलेली आहेत त्याने दिलेली देणगी वस्तुतः कोणाच्या पैशातून दिली गेली, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीची आपली सगळी चर्चा देणगीच्या रकान्यात अडकून पडली आहे, आणि म्हणूनच ती वांझ ठरते, असे माझे मत आहे. दोन टक्के कोठे खर्च करावेत, कोणी करावेत, फलकावर नाव किती मोठे असावे, या सर्व प्रश्नांच्या आधी एक प्रश्न येतो. तो नफा मिळवताना ज्यांचे ज्यांचे देणे लागत होते, त्या पुरवठादाराचे, मजुराचे, ऊस घालणाऱ्याचे आणि नदीचे देणे वेळेवर चुकते झाले होते काय? झाले असेल तर देणगी ही खरोखरच उदारता आहे, आणि नसेल तर तिला दुसरे काही नाव शोधावे लागेल.

या बाबतीत कायदा आपल्या चर्चेपेक्षा अधिक शहाणा आहे. कंपनी कायदा 2013 चे कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य 500 कोटी रुपये, किंवा उलाढाल 1000 कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम कायद्याच्या सातव्या परिशिष्टात दिलेल्या सामाजिक कामांवर खर्च करावी, असे ते सांगते. ज्या परिसरात कंपनी चालते त्याला प्राधान्य द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. 2021 च्या सुधारित नियमांनंतर न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात किंवा ठरावीक निधीत भरावी लागते आणि चुकल्यास दंड होतो. पण वाचण्यासारखे आहे ते या नियमांनी काय वगळले आहे ते. कंपनीने आपल्या नेहमीच्या धंद्याचा भाग म्हणून केलेले काम यात धरले जात नाही. केवळ स्वतःच्या कामगारांच्या लाभासाठी केलेला खर्च धरला जात नाही. जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेले प्रायोजकत्व धरले जात नाही (आपल्या तालमींच्या फुटबॉल संघांच्या टी-शर्टवर छातीभर नाव छापणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे). दुसऱ्या एखाद्या कायद्याने आधीच बंधनकारक केलेली गोष्टही यात मोडत नाही. म्हणजे, स्वतःचे सांडपाणी शुद्ध करणे ही सामाजिक जबाबदारीची कामगिरी म्हणून मिरवता येत नाही, कारण ते 1974 च्या जलप्रदूषण कायद्याखालचे साधे देणे आहे. देणे आणि देणगी यांतली रेघ कायद्याने अशी स्पष्ट ओढलेली आहे. ती पुसली आहे आपण, वार्ताहरांनी, सत्कार समित्यांनी आणि परिसंवाद भरवणाऱ्यांनी.

ही रेघ पुसली की काय होते, ते मी एका वर्षी जवळून पाहिले. माझ्याकडे हिशेब असलेल्या एका शेडमध्ये चार लेथ होते. एका मोठ्या कंपनीच्या ओतीव भागांचे मशिनिंग तिथे जॉब वर्कवर, म्हणजे माल कंपनीचा आणि मजुरी शेडची अशा पद्धतीने, होत असे. मालक स्वतः पहाटेपासून मशीनवर उभा असायचा. ऑर्डरवर पेमेंटची मुदत 60 दिवस लिहिलेली होती, म्हणजे कायद्याने परवानगी दिलेल्या मुदतीपेक्षा कागदावरच पंधरा दिवस जास्त. आणि प्रत्यक्षात पैसे येत ते 130 ते 140 दिवसांनी. दरम्यान वीजबिल, पगार आणि टूल्सचा खर्च बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे खेळत्या कर्जावर, व्याज भरून. त्या वर्षी त्याने त्या एका पार्टीच्या थकबाकीपायी जे व्याज भरले, ते त्याने घरखर्चासाठी धंद्यातून घेतलेल्या वर्षभराच्या रकमेच्या जवळपास निम्मे होते. त्याच उन्हाळ्यात त्या कंपनीने आसपासच्या शाळांना बाके दिली, आणि त्यातली काही नेमकी त्याच शाळेत गेली जिथे या शेडवाल्याचा मुलगा शिकत होता. कार्यक्रमाला पालक म्हणून तोही गेला. परत येऊन मला एवढेच म्हणाला, ‘‘बाक चांगला हाय. माझ्याच व्याजाचा दिसतोय.’’ त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

विरुद्ध बाजूचे म्हणणे मी जाणतो आणि त्यात बरेच तथ्य आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची 43 फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, आणि 2021 च्या जुलैमध्ये तेच पुन्हा घडले. त्या दिवसांत शिरोळ आणि करवीर तालुक्यांतल्या गावांत जी औषधे, चादरी, पाण्याचे टँकर आणि पंप पोहोचले, त्यांत उद्योगांचा वाटा मोठा होता. पुरात अडकलेल्या माणसाने बोटीच्या मालकाचा ताळेबंद आधी तपासावा, असे कोणी म्हणणार नाही. मुंबईचे जे. जे. रुग्णालय ज्या जमशेटजी जीजीभाईंच्या दानातून उभे राहिले, त्यांच्या संपत्तीत चीनकडे जाणाऱ्या अफूच्या व्यापाराचा हिस्सा होता, हे इतिहासात नोंदलेले आहे. तरी त्या रुग्णालयात गेल्या पावणेदोनशे वर्षांत बऱ्या झालेल्या लाखो रोग्यांनी अफूचा हिशेब विचारला नाही, आणि त्यांनी तो विचारावा असे मलाही वाटत नाही. पैशाला वास नसतो, असे घेणाऱ्याच्या बाजूने म्हणता येते. कलम 135 मुळे अनेक प्राथमिक शाळांना स्वच्छतागृहे मिळाली, ग्रामीण रुग्णालयांना यंत्रे मिळाली. सरकारी अनुदानाची वाट पाहत बसले असते तर त्यातली कित्येक कामे आणखी दहा वर्षे झाली नसती. हे सर्व मान्य करूनच पुढे जायचे आहे.

मात्र घेणाऱ्याने वास घेऊ नये म्हणून समाजानेही घेऊ नये काय? देणगीचा उपयोग हा एक प्रश्न आहे आणि देणाऱ्याचे मूल्यमापन हा दुसरा. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की काय होते, याचा आपल्या पिढीने पाहिलेला सर्वांत मोठा धडा हैदराबादचा आहे. सत्यम कॉम्प्युटरच्या रामलिंग राजू यांनी 2005 मध्ये आंध्र प्रदेशात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू केली. पुढे ती अनेक राज्यांत पोहोचली आणि तिने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. 2008 मध्ये या कंपनीला उत्तम कारभाराबद्दल आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर काही महिन्यांतच, 7 जानेवारी 2009 रोजी, राजू यांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की कंपनीच्या हिशेबात वर्षानुवर्षे हजारो कोटी रुपयांचा खोटेपणा चालला होता. रुग्णवाहिका खरी होती आणि ताळेबंद खोटा होता, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून एकाच काळात घडत होत्या. त्या रुग्णवाहिकेमुळे ताळेबंदाकडे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवर किती झापड आली, हे मोजता येणार नाही. पण ज्या माणसाला आपण सभेत हार घातला आहे त्याची वही मागण्याचा संकोच काय असतो, हे आपल्याकडे पतसंस्थांच्या ठेवी बुडालेल्या कुटुंबांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

सत्यमचे उदाहरण लबाडीचे आहे. त्यामुळे ते एका अर्थी सोपे आहे. अधिक अवघड आणि आपल्या जिल्ह्याला अधिक लागू पडणारे उदाहरण प्रामाणिक माणसांचे आहे. इंग्लंडमधले कॅडबरी घराणे क्वेकर पंथाचे, म्हणजे सदाचाराच्या बाबतीत काटेकोर. बर्मिंगहॅमजवळ बॉर्नव्हिल येथे त्यांनी कामगारांसाठी बागा असलेली घरे, मैदाने आणि शाळा अशी वसाहत उभारली. कामगारकल्याणाचा नमुना म्हणून ती पाहायला देशोदेशीचे लोक येत. परंतु त्यांच्या चॉकलेटसाठी लागणाऱ्या कोकोचा मोठा भाग पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या साओ तोमे बेटावरून येत असे, आणि तिथल्या मळ्यांत माणसे गुलामांसारखी राबवली जात. 1901 मध्ये ही कुणकुण कंपनीच्या कानांवर आली. चौकश्या झाल्या, पाहणीसाठी माणूस धाडला गेला, सरकारशी पत्रव्यवहार झाला. आणि खरेदी थांबली ती 1909 मध्ये. एका वर्तमानपत्राने या दिरंगाईला ढोंग म्हटले तेव्हा कॅडबरींनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. ज्युरीने निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा चौथा हिस्सा. कायद्याने तुम्ही जिंकलात आणि तुमच्या अब्रूची किंमत एवढी, असा तो निवाडा होता.

आता आपल्या उसाच्या फडाकडे पाहू. दिवाळी झाली की बीडकडून आणि इतर दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीच्या शिवारात उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. माणसांची गणती अवजारात होते, हे या व्यवस्थेने भाषेतच मान्य करून टाकले आहे. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फिटेपर्यंत कोयता बांधलेला असतो. पहाटेच्या थंडीत फडात उतरणारी बाई, पाचटाच्या खोपीत ठेवलेले मूल, आणि आजारपणाच्या दिवसाचा खाडा हे सर्व आपल्याला दर हंगामात रस्त्याच्या कडेला दिसते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला आणि सरकारला समिती नेमावी लागली. यावर कारखानदारीचे ठरलेले उत्तर असे की, करार मुकादमाशी आहे, हे मजूर आमचे नव्हेत. कॅडबरींचीही स्थिती हीच होती: मळे त्यांचे नव्हते, ते फक्त कोको विकत घेत. गाळपाचे आकडे टनांत सांगताना मात्र तो ऊस कोणी तोडला याची अडचण येत नाही. कारखान्याच्या परिसरात चकचकीत बगीचा आणि इंग्रजी शाळा उभी राहते, त्या शाळेचे कौतुकही व्हावे. पण टोळीच्या मुलांसाठी साखरशाळा आणि टोळीच्या बायकांसाठी संडास नसतील, तर त्या कौतुकाची किंमत फार्दिंगपेक्षा किती जास्त लावावी?

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, आणि परिसंवादात एकाने म्हटलेही, की हे सर्व बोलायला ठीक आहे. पण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्याने वापरलेल्या वाळूची विल्हेवाट नियमाप्रमाणे लावायची, धुराची यंत्रणा बसवायची, बिले वेळेवर द्यायची, आणि शेजारच्या राज्यातल्या किंवा चीनमधल्या स्पर्धकाने यातले काहीच करायचे नाही, तर ऑर्डर कोणाला मिळेल? हा आक्षेप खोटा नाही. एकट्याने नियम पाळणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, हे मी हिशेबाच्या वहीत पाहिले आहे. पण हा युक्तिवाद नवा नाही, आणि जुना असल्यामुळे त्याचा निकाल काय लागला हे आपल्याला ठाऊक आहे. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली, तेव्हा मँचेस्टरच्या स्पर्धेत मुंबईच्या गिरण्या बुडतील, हीच भीती सांगितली गेली. कामगारांची कणव येणारे लोक लँकेशायरचे हस्तक आहेत, असे म्हणणारे देशभक्तही त्या काळात कमी नव्हते. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्यानंतर गिरण्या बुडाल्या नाहीत. पुढची कित्येक दशके त्या चालत राहिल्या, आणि त्या बुडाल्या तेव्हा त्याची कारणे रविवारी शोधायला कोणी गेले नाही. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याने आठ तासांचा दिवस 1912 मध्ये सुरू केला, तेव्हा तसे करायला देशातला कोणताही कायदा भाग पाडत नव्हता. स्पर्धेची भीती खरी असेल तर तिच्यातून निघणारा निष्कर्ष ‘नियम सैल करा’ असा असायचे कारण नाही. ‘नियम सर्वांना सारखा लावा’ असाही तो निघू शकतो, आणि प्रामाणिक उद्योजकाने संघटनेच्या व्यासपीठावरून मागायला हवी ती गोष्ट हीच आहे. आजवर माझ्या पाहण्यात उद्योजकांची निवेदने वीजदरावर आली, रस्त्यांवर आली, करावर आली. थकीत बिलांविरुद्ध मोठ्या खरेदीदारांना उद्देशून आलेले निवेदन मी पाहिलेले नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1970 मध्ये अशी भूमिका मांडली की धंद्याची सामाजिक जबाबदारी नफा वाढवणे एवढीच आहे. व्यवस्थापक दानधर्म करतो तो भागधारकांच्या पैशाने, आणि तो अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. परिसंवादातल्या दुसऱ्या पक्षाचा सगळा आधार हाच होता, फक्त त्यांनी अर्धे वाक्य घरी ठेवले होते. फ्रीडमन यांनी त्याच विधानाला अट जोडली होती की हे सर्व खेळाच्या नियमांत राहून, उघड स्पर्धेत, फसवणूक न करता झाले पाहिजे. ही अट गंभीरपणे घेतली तर काय उरते ते पाहा. लहान पुरवठादाराचे पैसे मुदतीपलीकडे अडवून ठेवणारा नियमांत राहिला काय? रात्री व्हॉल्व्ह उघडून ओढ्यात पाणी सोडणारा उघड स्पर्धा करतो काय? दानधर्माची सक्ती नको म्हणणाऱ्यांशी माझे फारसे भांडण नाही. दोन टक्क्यांचा कायदा उद्या रद्द झाला तरी माझ्या मुद्द्याला धक्का लागत नाही. पण नफ्याच्या बाजूने बोलणाऱ्याने तो नफा आहे हे आधी सिद्ध केले पाहिजे. दुसऱ्याचे देणे न देता शिल्लक राहिलेल्या रकमेला हिशेबाच्या भाषेत नफा म्हणत नाहीत. आपल्या संतांनीही धन वेचण्याचा विचार सांगण्याआधी ते जोडण्याचा व्यवहार सांगितला होता, हे वारीला पाणी वाटप करणाऱ्यांना तरी आठवायला हरकत नसावी.

तिसरा आक्षेप नदीचा आहे आणि तो मला सर्वांत जास्त अडचणीत टाकतो. पंचगंगेच्या प्रदूषणाबद्दल कारखान्यांकडे बोट दाखवले की उत्तर येते, जयंती नाल्यातून नदीत मिसळणारे पाणी कोणाचे आहे? ते शहराचे आहे, तुमचे-आमचे आहे, आणि नदीकाठच्या गावांचेही आहे. शहराच्या मैल्याचा वाटा मोठा आहे हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण दोघे कर्जदार आहेत म्हणून एकाचे कर्ज माफ होत नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे मेली. दूषित पाण्याची किंमत कोण मोजतो, हे तेव्हा घरोघरी कळले. दर उन्हाळ्याच्या तोंडावर शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो, मळीमिश्रित पाण्याच्या बातम्या येतात, नमुने घेतले जातात, नोटिसा निघतात आणि पाऊस पडला की सर्व वाहून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते. त्यानंतर पर्यावरण दिनाला नदीकाठी वृक्षारोपण होते. ती झाडे लावू नयेत असे मी म्हणत नाही. पण झाड लावण्याचा खर्च जबाबदारीच्या रकान्यात चढतो आणि नदीत सोडलेल्या पाण्याचा कोणत्याच रकान्यात चढत नाही, ही हिशेबाची पद्धत मला शिकवली गेलेली नाही.

‘नीती मोजायची कशी? प्रत्येकाची नीती वेगळी’ असा एक सोयीचा प्रश्न हमखास येतो. दानाचे माप घेणे खरोखरच अवघड आहे; एका बाकाने शिक्षण किती वाढले, कोण सांगणार? देण्याला मात्र तारीख असते. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे उसाचे पैसे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत द्यायचे असतात, आणि उशीर झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याज लागते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा 2006 प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला, कराराने काहीही ठरवले तरी, 45 दिवसांपलीकडे थांबवता येत नाही; थांबवल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. त्या शेडवाल्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढे सरळ होते, आणि व्यासपीठावरच्या एकालाही ते देता आले नाही. अर्थात उत्तर मिळूनही त्याचे काम भागले नसते. कायद्याने दिलेले व्याज मागायला गेलेल्या शेडवाल्याला पुढची ऑर्डर मिळत नाही, आणि हे दोघांनाही ठाऊक असते. मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळणार नाही, अशी तरतूद आयकर कायद्यात 2023 मध्ये आली, तेव्हा मला वाटले की आता घडी बसेल. झाले असे की, ‘तुमची लघुउद्योग नोंदणी काढून टाका, मग काम सुरू ठेवू’ असा निरोप काही शेडवाल्यांना तोंडी आला. कायद्याने हक्क दिला, आणि हक्क असणे हीच अपात्रता ठरू लागली. उसाच्या बाबतीतही तेच. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत वर्षानुवर्षे सरकारने ठरवलेल्या रास्त दराच्या एकरकमी रकमेसाठी आरोळी उठली, वाहने अडली, गुन्हे दाखल झाले; 2022 मध्ये सरकारने तो दर दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली, आणि तो शासन निर्णय मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. स्वतःच्याच उसाचे पैसे वेळेवर मागणाऱ्याला आंदोलक म्हणायचे आणि त्याच पैशातून गावाला कमान बांधून देणाऱ्याला दानशूर म्हणायचे, हा शब्दांचा अपहार आहे.

कोल्हापूरला या विषयात बाहेरचा गुरू करण्याची गरज नव्हती. शाहू महाराजांनी वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या दिल्या, आणि त्याबद्दल त्यांचा जयजयकार आपण दर 26 जूनला करतो. परंतु त्यांच्या कारकिर्दीतली निर्णायक गोष्ट 26 जुलै 1902 ची आहे, जेव्हा त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. वसतिगृह हे खजिन्यातून बाहेर जाणारे दान होते. हा आदेश खजिना ज्या कचेरीतून चालत होता त्या कचेरीची रचनाच बदलणारा होता. विरोधाची खरी धार यांतल्या कशावर होती, ते आठवा. गरिबाच्या मुलाला जेवू घातल्याने कोणाची खुर्ची हलत नाही. त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवले की हलते. आजच्या कंपन्यांना शिष्यवृत्ती देणे सोपे वाटते आणि कंत्राटी कामगाराला वेतनपत्रक देणे जड जाते, याचे कारण याहून वेगळे नाही.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरी पायताणासारख्या चपला ‘लेदर सँडल’ म्हणून दाखवल्या, तेव्हा आपण खवळलो, आणि योग्यच खवळलो. 2019 पासून भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूचे नाव न घेणे म्हणजे श्रेयाचे देणे बुडवणे होते. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा मान्य केली, तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली, आणि वर्षअखेरीस महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. परक्याकडून देणे वसूल करताना आपल्याला देणे आणि देणगी यांतला फरक अगदी स्वच्छ कळला होता. प्राडाने एखाद्या शाळेला संगणक देऊन विषय मिटवला असता तर आपण ऐकून घेतले नसते. मग आपल्याच बाजारात परगावची यंत्रावरची चप्पल ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून विकली जाते, आणि कातडे कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंत राबणाऱ्या घराला जोडामागे काय मिळते हे गिऱ्हाइकाला कधीच सांगितले जात नाही, तेव्हा हा फरक कोठे जातो?

राहता राहिला एक तपशील, जो परिसंवादात कोणाच्याच ध्यानात आला नाही. कलम 135 कंपन्यांना लागू आहे. या जिल्ह्याचे अर्थकारण ज्यांच्याभोवती फिरते ते सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ कंपन्या नाहीत, त्यामुळे दोन टक्क्यांचा नियम त्यांना लागूच होत नाही. ज्यांना सामाजिक जबाबदारी म्हणजे फक्त हा कायदा वाटतो, त्यांच्या लेखी सहकाराला काही जबाबदारीच उरत नाही. प्रत्यक्षात स्थिती उलटी आहे. कंपनीच्या भागधारकाला कोल्हापुरात बसून मुंबईच्या संचालकाला प्रश्न विचारणे अवघड असते. कारखान्याचा सभासद मात्र स्वतः मालक असतो, ऊस त्याचाच असतो, नदीकाठची विहीरही त्याचीच असते, आणि वर्षातून एकदा संचालक मंडळ त्याच्यासमोर मांडवात बसते. त्या सभेत अहवालाच्या देणगीच्या पानावर टाळ्या पडतात. त्याच अहवालात तीन ओळी छापून मागता येतील: शेवटच्या टनाचे पैसे किती दिवसांनी दिले, तोडणीच्या टोळ्यांना पाणी, संडास आणि साखरशाळा कोठे दिली, आणि डिस्टिलरीचे पाणी कोठे गेले. फक्त हा प्रश्न विचारायला माणसाने लवकर उठावे लागेल, कारण आपल्याकडे विषयपत्रिका वाचून होण्याच्या आतच पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ सुरू होते.